स्ट्रिप उलटी करून बघा : आजार-औषधांची माहिती नेटवर नीट कशी शोधायची

माझं ऐरोलीत मेडिकल आहे. काउंटरवर उभं राहिलं की कोणी ना कोणी मोबाइल पुढे करतंच, "दादा हे बघा काय लिहिलंय, मग ही गोळी घेऊ की नको?" आणि मोबाइलवर काय असतं, तर एखाद्या न्यूज पोर्टलची 'हे पाच पदार्थ खा, शुगर पळून जाईल' टाइप बातमी, नाहीतर ज्याला पावडर विकायचीय त्याचाच लेख. विचारणारी माणसं काही अडाणी नसतात, बँकेतली असतात, इथल्याच आयटी पार्कातली असतात, पण शोधायला सुरुवातच भलतीकडून केलेली असते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठला आजार कसा बरा करायचा ते इथे मिळणार नाही, माहिती कुठे बघायची आणि बघितली की वाचायची कशी तेवढंच सांगतो.

त्याआधी एक गोष्ट. काही वेळा शोधायचंच नसतं. छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटलाय, तोंड एका बाजूला वाकडं झालंय, एका हातातली ताकद गेलीय, जीभ जड झालीय, श्वास लागलाय, असं काही असेल तर फोन फक्त १०८ लावायला हातात घ्या. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यातला अर्धा वेळ घोडबंदर रोडवरच जाऊ शकतो, हे ठाणेकरांना वेगळं सांगायला नको. पोराने फिनेल किंवा गोळ्या तोंडात घातल्या तर दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, १८०० ११६ ११७. मन फारच खचलं असेल, नको ते विचार येत असतील तर टेलि-मानस, १४४१६. हे नंबर आत्ताच सेव्ह करून टाका, पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.

आधी नाव, मग सर्च

लोक लक्षण टाइप करतात. 'डोकं दुखणे कारणे', 'पाय सुजणे उपाय'. आता डोकं दुखायची कारणं शंभर आहेत, त्यात अपुऱ्या झोपेपासून ब्रेन ट्यूमरपर्यंत सगळं येतं आणि पेज लिहिणारा सगळीच एका खाली एक लिहून मोकळा होतो, त्यातलं कुठलं रोजचं आणि कुठलं लाखात एक हे काही त्या यादीत कळत नाही. आपली नजर बरोबर सगळ्यात वाईट ओळीवर जाऊन थांबते. मग रात्रभर झोप नाही आणि सकाळी पुन्हा डोकं दुखतं.

म्हणून लक्षण नको, नाव शोधा. आजाराचं नाव डॉक्टरच्या कागदावर असतं, कळत नसेल तर तिथेच विचारून घ्या, स्पेलिंगसकट लिहून घ्या, त्यात लाजायचं काही नाही. आणि औषधाचं नाव म्हणजे स्ट्रिपवर मोठ्या अक्षरात छापलेलं नाव नव्हे, ते कंपनीने ठेवलेलं नाव. स्ट्रिप उलटी करा, मागे बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं तो खरा घटक. ब्रँडचं नाव टाकलं तर वर येतात गोळ्या विकणाऱ्या साइट, घटकाचं नाव टाकलं तर माहिती येते. शिवाय ब्रँडच्या नावापुढे एखादं अक्षर लागलं की आतलं औषध बदलतं. बीपीच्या टेल्मिसार्टनच्या गोळ्यांत एएम असेल तर बहुतेक वेळा बरोबर अम्लोडिपिनपण असतं, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायाझाइड. लोक ते अक्षर सोडून सर्च करतात आणि दुसऱ्याच औषधाची माहिती वाचत बसतात. अक्षरं फारच बारीक असतील तर खपाच्या ३०० ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा झालाय, तो स्कॅन केला की घटक, बॅच, एक्सपायरी सगळं मोबाइलवर मोठं दिसतं.

आमच्या इथल्या एक काकू आहेत, घोटे सुजायला लागले म्हणून घाबरलेल्या, मुलीने 'पाय सुजणे' टाकून किडनी फेल पर्यंतचं सगळं वाचून दाखवलेलं. त्यांची बीपीची गोळी उलटी करून बघितली, अम्लोडिपिन. ते नाव टाकून ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, पेजवर गेलो तर घोटे सुजणं हा त्या औषधाचा नेहमीचा साइड इफेक्ट म्हणून सरळ लिहिलेलं. काकूंनी गोळी स्वतःच्या मनाने बंद केली नाही (हे फार महत्त्वाचं, बीपीची गोळी अशी अचानक सोडायची नसते), डॉक्टरकडे गेल्या, त्यांनी तपासून औषध बदलून दिलं. किडनीचीपण तपासणी केली त्यांनी, ती करायला हवीच होती, पण भीती किती कमी झाली बघा.

कुठे बघायचं

गुगलमध्ये उघड्यावर शोधण्यापेक्षा चार-पाच ठिकाणं ठरवून ठेवा आणि थेट तिथेच जा. मी हे बघतो.

मेडलाइनप्लस, ही अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची साइट, सरकारी, जाहिरात एकपण नाही, १९९८ पासून चालू आहे. औषध, तपासणी, आजार तिन्ही गोष्टींची वेगवेगळी पानं आहेत, तपासण्यांची तर फारच छान, टेस्ट का करतात आणि आकडा वर-खाली झाला तर काय काय असू शकतं ते सोप्या इंग्रजीत. दुसरी एनएचएसची, इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेची. इंग्रजी अगदी शाळेतल्या पोराला कळेल असं, आणि पेज कधी तपासलं आणि पुन्हा कधी तपासणार याची तारीख दिलेली असते. ही तारीख बघायची सवयच लावून घ्या, ज्या पेजवर तारीख नाही आणि लिहिणाऱ्याचं नाव नाही ते पेज मिटवून टाकलं तरी काही बिघडत नाही.

आपल्याकडचं बघायचं तर आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. त्यांचे स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लो म्हणून पीडीएफ आहेत, एकेका आजाराचं एकेक पान, आहेत डॉक्टरांसाठी पण धोक्याची लक्षणं कुठली आणि मोठ्या हॉस्पिटलला कधी पाठवायचं ते आपल्यालाही वाचता येतं. खाण्यापिण्याचं काही असेल तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या १७ सूचना काढल्या, पूर्ण पुस्तक फुकट डाउनलोड होतं, त्यात ज्वारी-बाजरी-डाळ-पोहे या भाषेत बोललंय, केल आणि अॅव्होकाडो नाही. कॅन्सरसाठी टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड. टाटाचंच अॅक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आपल्या खारघरला आहे, बऱ्याच जणांना माहीत असतं पण साइट कोणी उघडत नाही, कॅन्सर म्हटलं की सगळे यूट्यूबवर पळतात.

गुगलच वापरायचं असेल तर एक युक्ती. सर्चमध्ये औषधाचं नाव लिहा, पुढे इंग्रजीत 'साइट' लिहून कोलन द्या आणि स्पेस न सोडता त्या संस्थेच्या साइटचा पत्ता टाका. मग गुगल फक्त त्या एका साइटमध्येच शोधतं. बाकी सगळा कचरा बाहेर.

आणि 'प्रायोजित' असं लिहिलेलं सगळ्यात वर येतं ते पैसे भरून वर आलेलं असतं. मोठ्या खाजगी हॉस्पिटलांचे ब्लॉग दिसायला डॉक्टरी असतात, काही खरंच चांगले असतात, पण शेवटी अपॉइंटमेंटचं बटण असतं म्हटल्यावर 'थांबून बघा, आपोआप बरं होईल' हे वाक्य तिथे शोधूनच सापडतं. काही जुन्या साइटवर अजून हॉन कोडचा बिल्ला दिसतो, जिनिव्हाची संस्था चांगल्या आरोग्य साइटना तो द्यायची, पण ते काम २०२२ च्या शेवटी बंद पडलं, त्यामुळे आता त्या बिल्ल्याला काही अर्थ नाही.

किमतीचं विचाराल तर सरकारचं फार्मा सही दाम अॅप आहे आणि स्वस्त जेनेरिकसाठी जनऔषधी सुगम. आता हे मेडिकलवाल्यानेच सांगायचं म्हणजे स्वतःच्या धंद्यावर पाणी, पण आहे ते आहे.

साइट चांगली, पण ती तुमच्यासाठी लिहिलेली नाही

हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय कारण भरवशाची साइट सापडली की लोकांना वाटतं काम झालं. काम निम्मंच झालेलं असतं. ती साइट लंडनच्या नाहीतर ओहायोच्या माणसासाठी लिहिलेली असते, तिथली औषधं वेगळ्या नावाची, तिथली मापं वेगळी, तिथले आजारपण वेगळे.

पॅरासिटामॉलच घ्या. अमेरिकन साइटवर शोधलं तर ते असेटामिनोफेन नावाने सापडतं, दम्याच्या पंपातलं सॅल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल. हे तरी समजतं. खरी गडबड डोसात आहे. एनएचएसवर मोठ्या माणसाला एक किंवा दोन गोळ्या, दिवसातून चार वेळांपर्यंत असं लिहिलंय, ते ५०० मिलिग्रॅमच्या गोळीसाठी. आपल्याकडे घराघरात ६५० ची गोळी असते. त्या हिशोबाने दोन-दोन गोळ्या चार वेळा घेतल्या तर ५२०० मिलिग्रॅम होतात आणि २४ तासांची वरची हद्द आहे ४०००, तीही धडधाकट माणसाची, वजन कमी असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. वरून सर्दीची गोळी चालू असते, तिच्यातपण पॅरासिटामॉल असतंच, उलटी करून बघा. साइट बरोबर, वाचणारा बरोबर, आणि तरी लिव्हरची वाट. म्हणून कुठलाही डोस वाचताना 'किती गोळ्या' न बघता 'किती मिलिग्रॅम' बघायचं.

शुगरचं तसंच. ब्रिटिश साइटवर उपाशीपोटी ७ असेल तर डायबेटिस असं दिसतं आणि आपला रिपोर्ट म्हणतो ११०, माणूस पांढरा पडतो. त्यांचं माप मिलिमोल, आपलं मिलिग्रॅम, त्यांच्या आकड्याला १८ ने गुणलं की आपला आकडा येतो, म्हणजे त्यांचे ७ म्हणजे आपले १२६. एचबीएवनसीचं (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) गुणाकाराने होत नाही, तेवढं लक्षात ठेवा की त्यांचे ४८ म्हणजे आपले साडेसहा टक्के.

वजनाचं तर उलटं होतं, तिथे आपण खूश होतो. पाश्चात्त्य तक्त्यात बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा) २५ पर्यंत नॉर्मल असतो, भारतीयांसाठी आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २३ च्या वर जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरलाय, कारण आपल्याला कमी वजनातच पोटाची चरबी आणि शुगर सुरू होते. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत. चोवीस बीएमआय असलेला माणूस परदेशी कॅल्क्युलेटरवर हिरव्या पट्ट्यात बसतो आणि वडापाव खायला मोकळा होतो.

पण सगळ्यात धोकादायक उदाहरण कुत्रा चावण्याचं. कोपरखैरणे, घणसोली, कळवा, कुठेही सकाळी चालायला जा, भटकी कुत्री आहेतच. आणि चावल्यावर माणूस इंग्रजीत सर्च करतो आणि एखाद्या चांगल्या ब्रिटिश पेजवर जखम धुवा, धनुर्वात बघा, अँटिबायोटिक लागू शकतं असं वाचतो, रेबीजचं एखादं वाक्य असतं तेही परदेशात असताना चावलं तर म्हणून. त्यांचं बरोबरच आहे, ब्रिटनच्या कुत्र्यांत रेबीज नाही. आपल्याकडे आहे, आणि एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कोणी वाचत नाही. तेव्हा इथे आपल्या सरकारच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं, म्हणजे एनसीडीसीचं, मार्गदर्शन बघायचं : वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुणं, हळद-चुना-मिरची काही लावायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडात दिली तर त्यात १४ वा दिवसपण येतो, आणि रक्त आलं असेल तर लशीशिवाय जखमेत सीरमचं (तयार अँटिबॉडीचं) इंजेक्शनपण लागतं. लस सरकारी आणि पालिकेच्या हॉस्पिटलात फुकट मिळते. 'कुत्रा सोसायटीचाच आहे, ओळखीचा आहे' हे कारण नाही चालत.

तापाचंही असंच. लंडनच्या माणसाला ताप आला तर पाणी प्या, आराम करा, हे ठीक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात ताप आला तर डेंग्यू, मलेरिया आणि साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर लेप्टोस्पायरोसिस, हे तिन्ही डोक्यात हवेत. डेंग्यूची शंका असताना तापाला पॅरासिटामॉलच, आयब्युप्रोफेन किंवा अॅस्पिरिन नाही, रक्तस्त्राव वाढू शकतो. डेंग्यूची एनएसवन टेस्ट पहिल्या चार-पाच दिवसांत उपयोगाची, नंतर अँटिबॉडीची. आणि लोक प्लेटलेटच्या आकड्यामागे आणि पपईच्या पानांमागे धावत असतात तेव्हा खरं बघायचं ते दुसरंच असतं, ताप उतरायला लागला की त्याच सुमारास पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून-नाकातून रक्त, माणूस गळून जाणं किंवा चिडचिडा होणं, यातलं काही दिसलं तर लगेच हॉस्पिटल. ताप गेला म्हणजे सुटलो असं डेंग्यूत नसतं. हे डब्ल्यूएचओच्या पेजवर स्पष्ट आहे, फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

रिपोर्टमधले लाल आकडे

फुल बॉडी चेकअपची पॅकेजं हल्ली इतकी स्वस्त झालीत की सोसायटीच्या गेटवरच रक्त घेतात, आणि संध्याकाळी पीडीएफ येते त्यात चार आकडे ठळक अक्षरात. मग प्रत्येक आकडा गुगल. इथे एक गोष्ट कोणी सांगत नाही. 'नॉर्मल रेंज' बहुतेक वेळा अशी ठरवलेली असते की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसतात. म्हणजे अगदी ठणठणीत माणसांतलेही शंभरातले पाच बाहेर पडणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस टेस्ट केल्या तर निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर यायची शक्यता ६४ टक्के निघते, आणि त्या पॅकेजात साठ-सत्तर आकडे असतात. तेव्हा रेंजच्या किंचित बाहेरचा एकटा आकडा बघून सर्च करत बसण्यात अर्थ नाही. किती बाहेर आहे, मागच्या रिपोर्टला किती होता, त्याच गटातले बाकीचे आकडे कसे आहेत, हे बघायचं. रेंजपण आपल्या लॅबने छापलेली बघायची, नेटवरची नाही.

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी थायरॉइडची टेस्ट करताना लॅबला आणि डॉक्टरला सांगा. जास्त डोसचं बायोटिन काही मशिनांवर थायरॉइडचे आणि इतरही रिपोर्ट चुकीचे दाखवतं, अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने, एफडीएने, २०१७ मध्ये याची सूचना काढली होती. माणूस ठीक, रिपोर्ट बिघडलेला, आणि उपचार रिपोर्टवर सुरू.

'धोका दुप्पट' म्हणजे किती?

बातम्यांमध्ये 'अमुक खाल्ल्याने धोका दुप्पट' असतं. कशाच्या दुप्पट ते नसतं. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये सरकारी समितीने जाहीर केलं की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका दुप्पट होतो. खरं होतं, पण आकडा होता साधारण ७००० बायकांत एकीच्या ऐवजी दोघी. हे दुसरं वाक्य बातमीत आलंच नाही, घाबरून बायकांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३००० गर्भपात जास्त झाले. तर दुप्पट, तिप्पट, १८ टक्के असं काही दिसलं की आधी किती होता आणि आता किती झाला हे दोन आकडे शोधायचे, नसतील तर बातमी सोडून द्यायची.

औषधाच्या साइड इफेक्टच्या यादीचंही तेच. 'कॉमन' लिहिलं असेल तर शंभरात एकापेक्षा जास्त लोकांना, 'व्हेरी रेअर' म्हणजे दहा हजारात एकापेक्षाही कमी. यादी वाचून गोळी फेकायच्या आधी हे शब्द बघा.

'संशोधनातून सिद्ध' असं असेल तर तो प्रयोग माणसांवर होता, उंदरांवर होता की काचेच्या बशीतल्या पेशींवर, एवढं जरी बघितलंत तरी अर्धी हवा निघते. हळदीच्या निम्म्या बातम्या बशीतल्याच. पबमेडवर आहे म्हणजे खरंच असं समजू नका, ती संशोधनाची सूची आहे, तिथे चांगलं-वाईट दोन्ही असतं. लसीमुळे ऑटिझम होतो ही अफवा ज्या पेपरमधून निघाली तो १९९८ मध्ये लॅन्सेटसारख्या नामांकित मासिकात आला होता, १२ मुलांवरचा, आणि २०१० मध्ये लॅन्सेटने तो मागे घेतला. मधल्या बारा वर्षांत व्हायचं ते झालं. एकेक पेपर वाचण्यापेक्षा कॉक्रेन बघा, ते एका प्रश्नावरचे सगळे प्रयोग एकत्र करून तोलतात आणि साध्या भाषेतला सारांश फुकट देतात.

मराठीत शोधताना

खरं सांगायचं तर मराठीत शोधलं की घरगुती उपायच वर येतात. दोष भाषेचा नाही, चांगलं लिहिणारे डॉक्टर कमी आणि क्लिकवर पोट असलेली पोर्टलं जास्त. मी सुचवेन की आजाराचं, औषधाचं नाव इंग्रजीत टाका, पेज इंग्रजी उघडा आणि ब्राउझरचं भाषांतर वापरून मराठीत वाचा. भाषांतर ओबडधोबड असतं पण मूळ तरी बरोबर असतं. फक्त डोसाचे आकडे आणि 'घेऊ नये' वाली वाक्यं मूळ इंग्रजीत परत एकदा बघा, 'नाही' हा शब्द भाषांतरात कधी कुठे जाईल सांगता येत नाही.

यूट्यूबवर डॉक्टर म्हणून बोलणाऱ्याची डिग्री बघा. नावापुढे डॉ. लावणारा एमबीबीएस असेल, बीएएमएस असेल, होमिओपॅथ असेल, नाहीतर रसायनशास्त्रातला पीएचडीपण असेल. अॅलोपॅथीचा असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर नाव किंवा रजिस्ट्रेशन नंबर टाकून बघता येतं, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या साइटवरपण. ऑनलाइन तपासणाऱ्या डॉक्टरने तर आपला रजिस्ट्रेशन नंबर प्रिस्क्रिप्शनवर आणि साइटवर द्यायलाच पाहिजे असं २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांत आहे. नंबर विचारल्यावर जो चिडतो त्याचं चॅनल अनसबस्क्राइब.

आणि 'डायबेटिस मुळापासून बरा, गॅरंटी' अशी जाहिरात दिसली तर डोकं लावायची गरजच नाही. १९५४ चा औषध आणि जादूटोणा उपाय जाहिरात कायदा आहे, त्यात डायबेटिस, कॅन्सर, मोतीबिंदू, लकवा असे बरेच आजार दिलेत ज्यांच्या उपचाराचा दावा जाहिरातीत करायलाच बंदी आहे. म्हणजे औषध चालतं की नाही हा प्रश्न नंतरचा, ती जाहिरातच बेकायदेशीर. लोकलच्या डब्यात चिकटवलेली असो नाहीतर इन्स्टाग्रामवरची.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एका माजी क्रिकेटपटूने बायकोचा चौथ्या स्टेजचा कॅन्सर लिंबूपाणी, हळद, कडुनिंबाने गेला असं सांगितलं, व्हिडिओ घरोघरी फिरला, आमच्या काउंटरवर लोक केमोचं विचारायच्या ऐवजी कडुनिंबाच्या गोळ्या विचारायला लागले. त्यावर टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी कॅन्सरतज्ज्ञांनी सह्यांचं पत्रक काढलं की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. त्या बाईंची सर्जरी आणि केमो झाली होती हे व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या कितीजणांना माहीत होतं? कोणी बरं झाल्याची गोष्ट सांगितली की आणखी काय काय उपचार घेतले हे आधी विचारा.

व्हॉट्सअॅपवर दोन बाणांची खूण आणि 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' असं दिसलं की सावध. 'एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका' हा मेसेज मी धंद्यात आलो तेव्हापासून फिरतोय, अमेरिकन हार्ट असोसिएशन तो मानत नाही, तरी दर दिवाळीला नव्याने येतो. मेसेजमधलं एखादं वाक्य जसंच्या तसं कॉपी करून पुढे इंग्रजीत 'फॅक्ट चेक' लिहून शोधा, बहुतेक मेसेज आधीच कोणीतरी तपासलेले असतात. ग्रुपवर उत्तर देताना मात्र मोठ्या माणसांना चारचौघांत खोटं पाडू नका, पर्सनलवर पाठवा, नाहीतर पुढच्या वेळी ते तुम्हाला सोडून सगळ्यांना पाठवतील.

एआयला विचारायचं का?

विचारतातच सगळे, नाही म्हणून काय होणार. गुगलमध्येपण वरच एआयचं उत्तर येतं. शब्द समजून घ्यायला बरं आहे : 'माझ्या एमआरआयच्या रिपोर्टमधल्या या वाक्याचा साध्या मराठीत अर्थ सांग', 'डॉक्टरला कुठले प्रश्न विचारू'. 'मला काय झालंय' आणि 'किती गोळ्या घेऊ' हे दोन प्रश्न विचारू नका, कारण चूक असलं तरी ते तितक्याच ठाम आवाजात बोलतं. त्याच्याकडे स्रोत मागा, आणि दिलेला स्रोत उघडून बघा, तिथे खरंच तसं लिहिलंय का. कधी कधी ते पेजच अस्तित्वात नसतं. रिपोर्टचा फोटो टाकायचा तर नाव, मोबाइल नंबर, आभा नंबर (सरकारी हेल्थ आयडीचा) आधी कापून टाका. 'फ्रीमध्ये रिपोर्ट समजावतो' म्हणून नंबर मागणाऱ्या साइटवर तर टाकूच नका, आठवडाभर पॅकेजवाल्यांचे फोन येतात.

डॉक्टरपुढे

वाचलेलं सगळं डॉक्टरला वाचून दाखवायचं नाही. सरकारी ओपीडीत तुमच्या वाट्याला दोन-चार मिनिटं येतात, खाजगीतही फार नाही. एका कागदावर तीन ओळी : त्रास कधीपासून, काय काय औषधं चालू आहेत, आणि एकच प्रश्न. 'नेटवर असं आहे' म्हटलं की काही डॉक्टर आखडतात, त्यापेक्षा 'ही गोळी घेतल्यापासून घोटे सुजलेत, तिच्यामुळे असेल का' असं विचारलं की सरळ उत्तर मिळतं. जायला जमत नसेल आणि तातडीचं नसेल तर सरकारची ई-संजीवनी आहे, व्हिडिओवर डॉक्टर फुकट बोलतात.

आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या सगळ्या गोळ्यांचे फोटो तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा, स्ट्रिपच्या मागच्या बाजूचे, नवीन स्ट्रिप आणल्या आणल्याच काढलेले. दोन-दोन गोळ्या कापून वापरल्या की घटकाचं नाव आणि एक्सपायरीचा कोपरा सगळ्यात आधी कचऱ्यात जातो, आणि मग आम्हाला उरलेल्या चंदेरी तुकड्यावरून ओळखा म्हणतात.